जोडचाकाचे नट: निवड, सफाई आणि आवळणी

पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून टोमॅटो भरून गाडी वाशीला निघाली होती. घोटीच्या अलीकडे ड्रायव्हरमामांना डाव्या मागच्या चाकातून टकटक ऐकू यायला लागली. त्यांनी गाडी बाजूला घेऊन बॅटरी मारली, तर सहापैकी तीन स्टड, म्हणजे ज्यांवर चाकाचे नट चढतात ते आट्यांचे दांडे, मोडलेले आणि उरलेल्या तिन्हींवरचे नट हाताने फिरत होते. पुढे इगतपुरी, आणि त्यापुढे कसारा घाटाचा उतार. मामांनी त्या आवाजाकडे दुर्लक्ष केलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करतो.

त्या चाकाचं काम चारच दिवसांपूर्वी झालं होतं. टायर नवे, नट एअर गनने दणकून आवळलेले. डिस्कला, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या लोखंडी चाकाला, मी स्वतः हौसेने दोन्ही बाजूंनी रंग मारून घेतला होता. नट नीट आवळले नसतील असं मी आधी धरून चाललो. चाक खोलल्यावर दिसलं ते वेगळंच: दोन डिस्कच्या मधला रंग चुरगळून, घासून निघाला होता आणि नटांची भोकं लांबोळी झाली होती. त्यानंतर मी हा विषय मुळापासून शिकलो आणि आता माझ्या दोन्ही सहाचाकी गाड्यांची चाकं मी समोर उभं राहूनच बसवून घेतो. तुमची टाटाची ४०७ असो, आयशर असो की दुसरी कुठली मागे डबल टायरची, म्हणजे जोडचाकाची, गाडी असो, पुढचं सगळं तिला लागू आहे.

नट नेमकं काय करतो

चाक स्टडवर टांगलेलं असतं असा पुष्कळांचा समज आहे. तसं नसतं. नट आवळतो तेव्हा स्टड ताणला जातो, रबरासारखाच, पण फार थोडा. तो ताण डिस्कला ब्रेकच्या ड्रमवर दाबून धरतो. त्या दाबामुळे दोन लोखंडी पृष्ठभागांत जे घर्षण तयार होतं, ते चाकाला ब्रेकच्या, वळणाच्या आणि खड्ड्याच्या धक्क्यात जागेवर ठेवतं. दाब पुरेसा असेल तर स्टडवर आडवा मार जवळजवळ येतच नाही. दाब कमी झाला की डिस्क किंचित सरकायला लागते, स्टड प्रत्येक फेऱ्याला पुढेमागे वाकतो, थकतो आणि मोडतो. म्हणून मोडलेला स्टड हातात घेऊन ‘जास्त आवळला म्हणून तुटला’ असं लगेच म्हणू नका. पुष्कळदा तो ढिला राहिल्यामुळे तुटलेला असतो.

हा ताण किती, ते एकदा लक्षात घ्या. तीनेक सेंटिमीटरची जाडी पकडणारा स्टड पूर्ण आवळल्यावर एक दशांश मिलिमीटरसुद्धा लांबत नाही. डोक्याच्या केसाच्या जाडीएवढं म्हणा. रंगाचे दोन-तीन हात मिळून तेवढी जाडी सहज होते. चाक फिरायला लागलं, तापलं, वजन आलं, की तो रंग दबतो, चुरतो, निघून जातो. नट एक दोरासुद्धा मागे फिरत नाही, पण स्टडचा ताण संपलेला असतो.

जोडचाक नाजूक ठरतं ते इथेच. एकेरी चाकात दाबाचे सांधे दोन: ड्रम आणि डिस्क, मग डिस्क आणि नट. जोडचाकात तीन: ड्रम आणि आतली डिस्क, आतली आणि बाहेरची डिस्क, बाहेरची डिस्क आणि नट. प्रत्येक सांध्यात गंज, माती, रंग यांचा थर असू शकतो आणि प्रत्येक थर दबतो. माझ्या गाडीत एकेका नटाखाली रंगाचे चार थर होते. एअर गन कितीही जोरात मारली असती तरी निकाल तोच लागला असता.

नट निवडताना

सगळ्यात आधी आटे. नटाच्या मापात दोन आकडे असतात, उदाहरणार्थ एम१४ × १.५ म्हणजे स्टडचा व्यास १४ मिमी आणि दोन आट्यांतलं अंतर १.५ मिमी. व्यास जुळला आणि अंतर चुकलं तर नट दोन-तीन फेरे जातो आणि अडकतो. तिथे पाना लावून जोर केला की स्टडचे आटे मेलेच. खरी परीक्षा सोपी आहे: स्वच्छ स्टडवर नट नुसत्या बोटांनी तळापर्यंत जायला हवा.

जुन्या गाड्यांच्या डाव्या बाजूला उलटे आटे असू शकतात. चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून ती व्यवस्था होती. अशा स्टडच्या टोकावर बहुधा इंग्रजी ‘एल’ अक्षर ठोकलेलं असतं. ते टोक आधी पुसून बघा. नट निघत नाही म्हणून पाईप लावून चुकीच्या दिशेने जोर करत स्टड मोडलेले मी पाहिले आहेत.

आता बैठक. नटाचा जो भाग डिस्कवर टेकतो तिला मी बैठक म्हणतो, आणि सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बैठक तीन प्रकारची असते: निमुळती म्हणजे शंकूसारखी, गोल म्हणजे चेंडूच्या तुकड्यासारखी, आणि सपाट. डिस्कचं भोक पुसा आणि निरखून बघा. भोकाची कड सरळ उतरती असेल तर शंकूचा नट, वाटीसारखी खोलगट असेल तर गोल बैठकीचा, आणि कड नुसती सपाट असेल तर वॉशर जोडलेला सपाट नट. शंकूचा नट वाटीसारख्या भोकात आवळला जातो, घट्टही लागतो, पण तो टेकतो फक्त एका बारीक कडीवर. ती कड काही दिवसांत खचते आणि दाब जातो. आटे जुळले म्हणजे नट जुळला, असं धरून चालू नका.

बैठकीवरूनच चाक मध्यावर कसं येतं तेही कळतं. शंकूच्या किंवा गोल बैठकीचं चाक नटच मध्यावर आणतात, त्यामुळे आवळायचा क्रम चुकला तर चाक वाकडं बसतं. सपाट नटांच्या चाकात हे काम हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, उंच कड करते आणि नट फक्त दाबतो. अशा नटाला बहुधा फिरता वॉशर असतो. तो बोटाने मोकळा फिरायला हवा. अडकलेला, चिरलेला किंवा पेल्यासारखा वाकलेला वॉशर दिसला तर नट बाजूला काढा.

काही जुन्या जोडचाकांत आतल्या डिस्कला वेगळा नट आणि त्याच्यावर बाहेरच्या डिस्कला वेगळा नट असतो. अशा चाकात बाहेरचा नट कितीही आवळला तरी आतला घट्ट होत नाही. आतला तपासायचा तर बाहेरचा आधी सैल करावा लागतो. सगळे एकदम सैल करू नका. एकाआड एक घ्या: बाहेरचा सैल, आतला आवळा, बाहेरचा पुन्हा आवळा, मग पुढचा.

नट स्टडवर किती चढतो तेही मोजा. स्टडचा व्यास जेवढा, निदान तेवढ्या लांबीचे आटे नटाने पकडायला हवेत. १४ मिमीच्या स्टडला १.५ चे आटे असतील तर नऊ-साडेनऊ फेरे, १८ मिमीला बारा. नट डिस्कला टेकल्यापासून काढताना फेरे मोजा, म्हणजे कळेल. कमी भरले तर डिस्क जाड आहे किंवा स्टड आखूड आहे. दुसऱ्या गाडीच्या डिस्क बसवल्या किंवा मध्ये कुणी स्पेसरची चकती घातली की हे होतं. गाडीला कंपनीने दिलेला नसेल तो स्पेसर माझ्या मते कचऱ्यातच टाकावा.

ताकदीचा आकडा नटावर आणि स्टडच्या टोकावर ठोकलेला असतो. १०.९ च्या स्टडला १० चा नट हे योग्य लग्न आहे. आकडाच नसलेला स्वस्त नट मालवाहू गाडीला लावू नका. क्रोमची चकचकीत टोपी असलेले नटही मी टाळतो. पत्र्याची टोपी सुटली की पाना बसत नाही आणि पावसात, अंधारात, भरलेल्या गाडीखाली ते फार महागात पडतं.

नाशिकमध्ये द्वारका, मुंबई नाका किंवा आडगावच्या ट्रक टर्मिनसच्या बाजूला सामान घ्यायला जाल तेव्हा जुना नट, शक्य असेल तर जुना स्टडही खिशात टाका आणि डिस्कच्या भोकाचा जवळून फोटो काढून न्या. ‘४०७ चे नट द्या’ एवढं सांगून भागत नाही. ४०७ बाजारात आली १९८६ मध्ये, तिच्या कितीतरी आवृत्त्या झाल्या आणि जुन्या गाड्यांची चाकं मध्येच बदललेलीही असतात. एका चाकावर सगळे नट एकाच प्रकारचे ठेवा.

चाक बसवणं

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या. हँडब्रेक, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, आणि जॅक लावल्यावर एक्सलखाली घोडी, म्हणजे वजन पेलणारा स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालू नका. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच.

दोन्ही चाकं निघाली की खरं काम सुरू होतं. वायर ब्रश घ्या आणि ड्रमचा तोंडाचा भाग, आतल्या डिस्कच्या दोन्ही बाजू, बाहेरच्या डिस्कच्या दोन्ही बाजू आणि भोकांच्या बैठका स्वच्छ करा. गंजाचे पापुद्रे खरवडून काढा. इगतपुरी-घोटीच्या पावसातून रोज जाणाऱ्या गाडीत ते नक्की सापडतात. डिस्क जिथे एकमेकींना टेकतात तिथला जाड रंग काच पेपरने काढून टाका. नवा रंग द्यायचाच असेल तर तेवढ्या गोलावर चिकटपट्टी लावून तो भाग सोडून रंगवा. हाताने चाचपून बघा, कुठे उंचवटा, वेल्डिंगचा थेंब, आत अडकलेला खडा लागतो का. मग डिस्कच्या भोकांकडे नीट बघा. भोकं लांबोळी झाली असतील, किंवा एका भोकातून दुसऱ्याकडे जाणारी बारीक चीर दिसली, तर ती डिस्क संपली. वेल्डिंग करून चालवू नका.

स्टडचे आटे कोरड्या ब्रशने साफ करा. तेल लावावं का, यावर गॅरेजात फार वाद होतात. पाना फिरवताना आपण लावतो त्या जोरातला साधारण नव्वद टक्के जोर घर्षणातच जातो, काही बैठकीखाली आणि काही आट्यांत, आणि दहाएक टक्केच स्टड ताणायला उरतो. आट्यांना तेल लागलं की घर्षण घटतं आणि तेवढ्याच जोरात स्टड कितीतरी जास्त ताणला जातो, इतका की तो कायमचा लांबू शकतो. म्हणून कंपनीच्या पुस्तकात तेल लावा असं लिहिलं असेल तरच लावा, आणि लिहिलं असेल तिथेच. अमेरिकेतल्या जोडचाकी पिकअपसाठी फोर्ड सांगते की फिरत्या वॉशरच्या आणि नटाच्या मध्ये तेलाचा एक थेंब टाका, पण आटे कोरडे ठेवा. बैठकीच्या शंकूला ग्रीस चोपडणं तर पूर्ण बंद करा.

आतलं चाक चढवा, ड्रमला पूर्ण टेकलं का बघा, मग बाहेरचं. दोन्हींचे व्हॉल्व समोरासमोरच्या बाजूंना येऊ द्या आणि आतल्या व्हॉल्वपर्यंत हवेचा पाईप पोचतो ना ते आत्ताच तपासा. जोडीतले टायर सारख्या उंचीचे असावेत. ८.२५ इंच रुंदीपर्यंतच्या टायरांत व्यासातला फरक ६ मिमीच्या आत ठेवा, आणि थोडा फरक असलाच तर लहान टायर आत घाला. असमान जोडीत मोठा टायर जास्त वजन घेतो आणि दोन्ही डिस्कवर सतत ओढ राहते. हवा सारखी नसेल तरी हेच होतं.

नट हाताने लावा. प्रत्येक नट निदान चार-पाच फेरे बोटांनी जायला हवा. एअर गनने सुरुवात केली की वाकडा लागलेला नट कळतच नाही, आटे कापून तो आत जातो. मग चाक हवेत असतानाच लहान पान्याने सगळे नट टेकवून घ्या, समोरासमोरच्या क्रमाने. सहा नटांना घड्याळाप्रमाणे आकडे द्या आणि १-४-२-५-३-६ असं जा. आठ असतील तर १-५-३-७-२-६-४-८. पाच असतील तर १-३-५-२-४. शेजारचा नट लगेच आवळला तर डिस्क एका बाजूला आधी टेकते, दुसरी बाजू किंचित उघडी राहते आणि गाडी धावताना ती फट मिटून ताण जातो.

किती आवळायचं

आता जॅक एवढाच उतरवा की टायर जमिनीला टेकून फिरायचा थांबेल. पूर्ण वजन येऊ देऊ नका. कंपनीने दिलेला टॉर्क, म्हणजे नट फिरवायचा ठरवून दिलेला जोर, एकाच फेरीत लावायचा नाही. पहिल्या फेरीत साधारण एक तृतीयांश, दुसरीत दोन तृतीयांश, तिसरीत पूर्ण, प्रत्येक वेळी त्याच क्रमाने. शेवटी एक फेरी सगळ्या नटांवरून गोल फिरवा.

आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातूनच घ्या. हे मी आग्रहाने सांगतो, कारण आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. फोर्डच्या एफ-३५० या जोडचाकी पिकअपला १४ मिमीच्या स्टडवर सुमारे २२४ न्यूटन-मीटर लागतात, तर मोठ्या ट्रकच्या २२ मिमीच्या सपाट नटांना ६१० ते ६८० लागतात. पुस्तकात आकडा किलोग्रॅम-मीटरमध्ये असेल तर ९.८ ने गुणा, फूट-पौंडात असेल तर १.३५६ ने.

पान्यावर उभं राहून आवळायची आपल्याकडची पद्धत या आकड्यांशेजारी ठेवून बघा. ७० किलोचा माणूस ६० सेंटिमीटरच्या टॉमीच्या, म्हणजे पाना फिरवायच्या दांड्याच्या, टोकावर उभा राहिला तर सुमारे ४१० न्यूटन-मीटर जोर लागतो. टॉमीला पाईप लावून ती एक मीटर केली तर तोच माणूस जवळजवळ ६९० देतो. उडी मारली तर किती, ते कुणालाच मोजता येणार नाही. लहान स्टड यात कायमचा लांबतो. तो तुटत नाही, घट्टच लागतो, आणि पुढच्या फेरीत ताण धरत नाही. क्लीनर पोरं जीव लावून काम करतात, त्यांना मोजायचं साधन देणं हे मालकाचं काम आहे.

ते साधन म्हणजे टॉर्क पाना. तुमचा आकडा त्याच्या मापाच्या मधल्या भागात येईल असा घ्या. मूठ जिथे खूण आहे तिथेच धरा, संथ ओढा, आणि ‘टक’ झालं की थांबा. दुसऱ्यांदा टक करून खात्री करू नका, त्याने नट थोडा पुढे सरकू शकतो. या पान्याने नट उघडू नका, त्याला पाईप लावू नका आणि ठेवताना आकडा सगळ्यात खाली आणून ठेवा. वर्षातून एकदा तो तपासून घ्या. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कॅलिब्रेशन करून मिळतं, तो खर्च एका रिकाम्या फेरीपेक्षाही कमी आहे.

टायरवाल्याची एअर गन मला पूर्ण नको नाही. नट धावते करायला ती चांगली आहे. पण तिचा जोर हवेच्या दाबावर, पाईपच्या लांबीवर आणि गन किती वेळ दाबून धरली त्यावर ठरतो. ‘भाऊ, गन नुसती टेकेपर्यंत मारा, शेवटचं मी हाताने करतो,’ असं सांगितलं की आमच्या इथले टायरवाले आनंदाने ऐकतात.

पुन्हा आवळणी

कितीही घासून साफ केलं तरी तीन सांधे थोडे बसतातच. म्हणून चाक बसवल्यावर ८० ते १६० किलोमीटरच्या आत पुन्हा एकदा टॉर्क पान्याने आवळायचं. फोर्ड तर जोडचाकाला १६० किलोमीटरला एकदा आणि ८०० ला पुन्हा असं दोनदा सांगते. नट सैल करून परत आवळायचा नाही, ठरलेल्या आकड्याला नुसता टक करून बघायचा. फिरला तर तेवढा फिरू द्यायचा. सगळेच फिरले तर पुढच्या मुक्कामी परत बघायचं. तिसऱ्या वेळीही फिरत असतील तर चाक खोला, आत काहीतरी दबतंय.

हे काम थंड चाकावर करा. घाट उतरल्यावर ड्रम तापलेला असतो, त्या उष्णतेने स्टड आणि डिस्क वेगवेगळ्या प्रसरण पावतात आणि पान्यावरचा आकडा फसवतो. कसारा असो, राहुड घाट असो की सापुताऱ्याची चढउतार, आधी आवळा, मग उतरा.

आवळणी झाली की प्रत्येक नटावरून डिस्कवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारा. नट फिरला तर रेघ तुटते, सकाळी चहा पिता पिता दिसते. रेघ जुळलेली असूनही नटाखालून गंजाचे तांबडे ओघळ आले किंवा भोकाभोवती लोखंड चकाकायला लागलं, तर समजा की डिस्क हलतेय. टॉमीने ठोकून आवाज ऐकायची जुनी रीत पूर्ण सैल नट पकडते, पण अर्धा ताण गेलेला नट तिला कळत नाही.

स्टड मोडला तर तो एकटा बदलू नका. एक मोडला असेल तर त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांवर त्याचा भार आलेला असतो, तेही बदला. दोन किंवा जास्त मोडले असतील तर त्या चाकाचे सगळे स्टड आणि सगळे नट नवे. माझ्या गाडीचे त्या दिवशी तीन मोडले होते. मी सहाही बदलले, भोकं लांबोळी झालेल्या दोन्ही डिस्क भंगारात दिल्या.

आता चाकाचं काम झालं की पहिली फेरी मी ठरवून मुंबईकडची घेतो. पिंपळगावहून घोटी साधारण पासष्ट किलोमीटर पडतं. मामा तिथे गाडी उभी करतात, चहा घेतात, अर्ध्या तासाने हाताच्या पालथ्या बाजूने ड्रम गार झालाय का बघतात आणि सीटमागून टॉर्क पाना काढतात. दोन बाजूंचे बारा नट, जेमतेम दहा मिनिटं. मग डॅशबोर्डमधल्या वहीत किलोमीटरचा आकडा आणि किती नट फिरले ते लिहितात. गेल्या खेपेला एक फिरला होता, डाव्या बाजूचा, जेमतेम बोटभर.